फिश टँकच्या फ्लेक्सिबल पाइपचा सांधा दुरुस्तीनंतरही पुन्हा का गळतो?

काचेच्या टाकीखाली सम्प (पाणी गाळून वर परत पाठवणारी दुसरी टाकी) ठेवून किंवा टाकीबाहेर कॅनिस्टर फिल्टर (बंद डब्यातला फिल्टर) लावून पाणी फिरवणाऱ्या घरांत फ्लेक्सिबल पीव्हीसी पाइपबद्दल एक तक्रार वारंवार ऐकू येते. सांधा गळतो, सोल्युशन लावून किंवा क्लिप आवळून तो पुन्हा बसवला जातो, काही आठवडे कोरडा राहतो आणि मग नेमक्या त्याच जागी ओल दिसू लागते. मराठवाड्यात ही तक्रार होळीनंतर वाढते आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत चालू राहते. अशा टाक्या पाहून आणि दुरुस्त करून माझे जे मत बनले आहे ते सुरुवातीलाच सांगतो. या गळतीत सोल्युशनचा किंवा क्लिपचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा तो पाइपच त्या सांध्यासाठी बनवलेला नसतो, किंवा पाइप योग्य असूनही गुंडाळीतल्या गोलाईकडे परतू पाहत तो सांध्याला रात्रंदिवस एका बाजूला ओढत असतो. ही दोन कारणे तशीच ठेवून वरून कितीही सोल्युशन चोपडले तरी गळती परत येते.

पाण्याच्या दाबाला दोष देण्यात अर्थ नाही, हेही येथेच स्पष्ट करणे बरे. घरगुती टाकीत सम्पपासून टाकीच्या काठापर्यंतची उंची साधारण सव्वा ते दीड मीटर असते. दहा मीटर उंचीच्या पाण्याने एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब पडतो, या हिशेबाने आपल्या सांध्यावर येणारा दाब त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याहून फारसा जास्त नसतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखालचे नळ याहून कितीतरी अधिक दाब वर्षानुवर्षे सहन करतात. म्हणून 'पंप जास्त ताकदीचा आहे' या समजुतीने पंप बदलण्याचा खर्च आधी करू नये.

गळतीची खरी जागा

हात लावण्यापूर्वी पंप, हीटर आणि दिवे यांचे प्लग काढावेत. टाकीमागच्या प्रत्येक वायरने बोर्डात शिरण्यापूर्वी बोर्डाच्या पातळीखाली उतरून मग वर जायला हवे, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी खालच्या वळणावरून जमिनीवर पडते, बोर्डात शिरत नाही. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर फिश टँकच्या निमित्ताने तो बसवून घ्यावा. माझ्या मते गळती दुरुस्त करण्याच्या आधीचे काम हे आहे.

थेंब जेथे पडतो तेथेच गळती असते असे नाही. पाणी पाइपच्या खालच्या अंगाने सरकत जाते आणि सर्वांत खोल जागी येऊन सुटते, त्यामुळे एल्बोखाली (काटकोनी जोडाखाली) साचलेले पाणी दीड फूट वरच्या निपलातून (पाइप ज्यावर चढवतात त्या नळीच्या तुकड्यातून) आलेले असू शकते. सगळा पाइप कोरड्या कापडाने पुसून प्रत्येक सांध्याभोवती टिश्यू पेपरची एक पट्टी गुंडाळावी आणि पंप सुरू करावा. सर्वांत वरची जी पट्टी पहिल्यांदा भिजेल तो सांधा दोषी समजावा. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांना आणखी एक खूण आपोआप मिळते. आपल्याकडच्या बेसॉल्ट खडकातील पाणी बहुधा जड असते, त्यामुळे पाझरलेले पाणी सुकताना मागे पांढरा थर ठेवते. हा थर जेथून सुरू होतो तेथे गळती आहे, आणि थर जाड असेल तर आपल्या लक्षात येण्याच्या बऱ्याच आधीपासून ती चालू आहे.

गळती केव्हा होते हे पाहिल्यास पाइपची कोणती बाजू तपासायची ते कळते. फक्त पंप चालू असताना थेंब पडत असतील तर दोष पंपाच्या पुढच्या, म्हणजे डिलिव्हरीच्या बाजूला आहे. पंप सम्पबाहेर जमिनीवर ठेवलेला असेल, तो बंद असताना थेंब पडत असतील आणि चालू झाल्यावर थेंब थांबून टाकीत बारीक बुडबुडे येत असतील, तर दोष पंपाच्या मागच्या, म्हणजे पाणी ओढणाऱ्या सक्शनच्या बाजूला आहे. तेथील फटीतून पंप हवा ओढून घेतो आणि आवाजही कर्कश होतो. दोन्ही वेळा सारखीच ओल दिसत असेल तर टाकीच्या काचेला बसवलेले टँक निपल आणि त्याचे वॉशर आधी तपासावे, कारण ती जागा पंपावर अवलंबून नसते.

काही घरांत मुळात गळतीच नसते. एप्रिल-मे महिन्यांतली कोरडी हवा उघड्या टाकीतून इतके पाणी उडवते की पातळी रोज दिसण्याइतकी खाली येते. खात्री करून घेण्यासाठी टाकीशेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवावी, टाकीच्या काचेवर आणि बादलीच्या आत पातळीची खूण करावी आणि दोन-तीन दिवसांनी दोन्हींतली घट मोजावी. टाकीतले पाणी हलते असल्यामुळे तेथील घट थोडी जास्त असणे साहजिक आहे, पण ती दुप्पट-तिप्पट असेल तर पाणी कोठेतरी झिरपते आहे. सेकंदाला एक थेंब एवढी गळतीही दिवसाला चार लिटरच्या आसपास पाणी घालवते. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात तरी ही गळती किरकोळ मानता येत नाही.

पाइप कोणत्या जातीचा आहे

दुकानात 'एक इंची फ्लेक्सिबल द्या' एवढेच सांगितले तर पाच निरनिराळ्या वस्तूंपैकी कोणतीही हातात पडू शकते, आणि वारंवार गळणाऱ्या सांध्यांपैकी निम्म्याहून अधिक सांध्यांची गोष्ट येथेच सुरू होते असे माझे निरीक्षण आहे.

पहिली जात म्हणजे गवंडी पातळी घेण्यासाठी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप. तो केवळ मऊ पीव्हीसीचा असतो, आत कोणताही धागा किंवा कडे नसते. एअर पंपासाठी किंवा टाकीतले पाणी बदलण्यासाठी तो उत्तम आहे, पण कायमच्या जोडणीत उन्हाळ्यात तो मऊ पडून मुडपतो, आणि पारदर्शक असल्यामुळे प्रकाश आत जाऊन शेवाळ धरतो. दुसरी जात नायलॉनच्या धाग्याची जाळी असलेल्या ब्रेडेड पाइपची. फिश टँकसाठी निपल आणि क्लिप वापरून जोडायचा असेल तर हाच पाइप घ्यावा, असे मी ठामपणे सांगेन. तिसरी जात बागेच्या पाइपची. त्यात चांगला माल असतो तसाच भंगार प्लॅस्टिक पुन्हा वितळवून केलेला मालही असतो. मऊपणासाठी आणि टिकाऊपणासाठी त्यात नेमके काय मिसळले आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. पीव्हीसी पाइप आणि फिटिंगमधील शिसेयुक्त स्थिरकारकांबाबत केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले आहेत, परंतु छापील नाव आणि मानकांचा उल्लेख नसलेला स्वस्त बागेचा पाइप त्या नियमांच्या कसोटीला उतरतो की नाही हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग नाही. मासे ज्या पाण्यात चोवीस तास श्वास घेतात ते पाणी अशा पाइपातून फिरवू नये.

चौथी जात आपल्या भागात सर्वांत सहज मिळते. विहिरीवरच्या इंजिनासाठी वापरला जाणारा हिरवा सक्शन पाइप कृषी सेवा केंद्रापासून मोटार दुरुस्तीच्या दुकानापर्यंत सगळीकडे असतो. मऊ पीव्हीसीत कडक पीव्हीसीचे वेटोळे गुंफून तो बनवतात, त्यामुळे तो आत चेपत नाही आणि सहज वळतो. म्हणून पुष्कळ लोक फिश टँकला तोच लावतात. मात्र त्याच्या बाहेरच्या अंगावर त्या वेटोळ्याचे उंचवटे असतात आणि दोन उंचवट्यांमधली खाच स्क्रूसारखी गोल फिरत टोकापर्यंत जाते. साध्या पट्टीची क्लिप उंचवट्यांवर टेकते, तिचा जोर खाचेच्या तळापर्यंत पोचत नाही. पाइप सोल्युशन लावून सॉकेटमध्ये (फिटिंगच्या ज्या तोंडात पाइप शिरतो त्यात) घातला तर ती खाच सॉकेटच्या आतून बाहेरपर्यंत एक अखंड वाट तयार करते आणि पाणी त्या वाटेने हळूहळू बाहेर येते. क्लिप कितीही आवळली तरी एका बाजूने पाझर चालूच राहतो, अशी तक्रार असलेल्या घरांत पाहावे, बहुधा हाच पाइप असतो. शेतात विहिरीवर थोडासा पाझर चालून जातो, दिवाणखान्यात चालत नाही. तेथे इलाज एकच, पाइप बदलणे.

पाचवी जात म्हणजे बाहेरचा व्यास कडक पाइपाइतकाच ठेवलेला, सॉकेटमध्ये सोल्युशनने चिकटवता येणारा फ्लेक्सिबल पीव्हीसी पाइप. तो मुख्यतः जलतरण तलाव आणि स्पा यांच्या जोडणीसाठी बनवतात. त्याच्याही आत वेटोळे असते, पण बाहेरचे अंग जवळजवळ गुळगुळीत असते. मराठवाड्यातल्या लहान गावांत तो सहसा मिळत नाही, पुण्या-मुंबईच्या तलाव-साहित्याच्या दुकानांतून मागवावा लागतो. चिकटवलेला फ्लेक्सिबल सांधा हवाच असेल तर हा सोडून दुसरा पाइप वापरू नये.

ठिबकचा काळा लॅटरल पाइप या यादीत येतच नाही, कारण तो पीव्हीसी नसून पॉलिथिलीन आहे. पीव्हीसीचे सोल्युशन त्याला विरघळवू शकत नाही, त्यामुळे तो चिकटलेला दिसला तरी हाताने ओढताच सुटतो.

आता मापांबद्दल थोडे तपशिलाने लिहिणे भाग आहे. ब्रेडेड आणि पारदर्शक पाइप आतल्या व्यासाने विकले जातात, तर कडक पाइपचे सॉकेट बाहेरच्या व्यासाशी जुळवलेले असतात. त्यातही 'एक इंची' म्हणून मिळणाऱ्या कडक पाइपांचे बाहेरचे व्यास एकसारखे नाहीत. गरम पाण्यासाठीच्या सीपीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यास २८.६ मिलिमीटर, घरगुती प्लंबिंगच्या शेड्यूल ४० (भिंतीच्या जाडीचा एक प्रकार) यूपीव्हीसी, म्हणजे कडक पीव्हीसी, पाइपचा ३३.४ मिलिमीटर आणि शेतीसाठी मेट्रिक मापात येणाऱ्या पाइपचा ३२ मिलिमीटर असतो. पाऊण इंचीत हेच आकडे अनुक्रमे २२.२, २६.७ आणि २५ असे आहेत. शेतीच्या दुकानातला ३२ मिलिमीटरचा पाइप प्लंबिंगच्या दुकानातल्या एक इंची सॉकेटमध्ये घातला तर सव्वा ते दीड मिलिमीटरची पोकळी उरते. ती पोकळी सोल्युशनने भरेल अशी आशा ठेवून केलेला सांधा काही दिवस टिकतो आणि मग सुटतो. खरेदीला जाताना व्हर्नियर कॅलिपर असेल तर तो, नसेल तर फिटिंगचा तुकडाच सोबत न्यावा. पाइप कोरडाच सॉकेटमध्ये घालून पाहावा. तो अर्ध्या ते दोन-तृतीयांश खोलीपर्यंत जाऊन अडला तर माप योग्य आहे. आत खुळखुळला किंवा विनासायास तळाला टेकला तर घेऊ नये.

पाइपची ओढ कशी ओळखावी आणि कशी काढावी

पाइप योग्य असूनही सांधा गळत असेल तर बहुधा कारण ओढीचे असते. फ्लेक्सिबल पाइप गुंडाळीत महिनोन्‌महिने पडून राहिलेला असतो आणि ती गोलाई त्याच्या अंगात भिनलेली असते. आपण त्याला सरळ करून किंवा उलट वळवून दोन सांध्यांमध्ये बसवतो तेव्हा तो थांबलेला दिसतो खरा, पण त्याचे दोन्ही टोकांना ओढणे चालूच असते. त्यात उन्हाळ्याची भर पडते. मे महिन्यात ४२-४३ अंश तापमानात, विशेषतः पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत, मऊ पीव्हीसी आणखी मऊ होते. क्लिपखाली दबलेले मऊ प्लॅस्टिक हळूहळू बाजूला सरकते, क्लिपची पकड ढिली पडते आणि त्याच वेळी ओढ मात्र कायम असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली गेला की पाइप आकसून ताठ होतो आणि ढिल्या क्लिपखालची फट उघडी पडते. कडक पीव्हीसीसुद्धा तीस अंशांच्या फरकाने मीटरमागे जवळपास दोन मिलिमीटर लांबते-आखडते, मऊ पीव्हीसी त्याहून जास्त. वर्षभरात एवढा फरक सोसणाऱ्या आपल्या हवेत समुद्रकाठच्या शहरांतली जोडणी जशीच्या तशी उतरवून चालत नाही.

ओढ तपासणे सोपे आहे. पाणी उतरवून संशयित सांधा मोकळा करावा आणि पाइपचे टोक हातातून सोडून द्यावे. ते सांध्यासमोर, सरळ रेषेत राहिले तर ओढ नाही. ते चार बोटे बाजूला गेले, वर उचलले गेले किंवा स्वतःभोवती फिरले, तर दुरुस्ती सांध्यावर नव्हे, पाइपच्या मार्गावर करायची आहे.

हा मार्ग सुधारण्याचे उपाय साधे आहेत. नवीन पाइप बसवण्यापूर्वी सकाळच्या उन्हात गच्चीवर एखाद्या अँगलला किंवा सरळ बांबूला सैलसर बांधून दोन-तीन तास ठेवावा आणि बांधलेल्या स्थितीतच सावलीत थंड होऊ द्यावा, म्हणजे गुंडाळीचा बाक बराच जातो. दुपारच्या उन्हात तो विसरू नये, कारण फार तापलेला पाइप बांधलेल्या जागी दबून चपटा होतो. जेथे वळण घ्यायचेच आहे तेथे पाइपचा उरलेला बाक त्याच वळणाच्या दिशेने येईल असा तो फिरवून घ्यावा. काटकोनी वळणाचे काम पाइपवर सोपवू नये, तेथे एल्बो वापरावा. वळणाची त्रिज्या किती ठेवावी याबद्दल मी पाइपच्या बाहेरच्या व्यासाच्या आठपट हा अंदाज धरतो आणि तो आपल्या उन्हाळ्यात पुरतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सांध्याला लागून असलेला पाइपचा पहिला अर्धा फूट भाग सरळ असावा आणि तो भाग संपतो तेथे पाइप स्टँडला किंवा भिंतीला सॅडलने (पाइप जागेवर धरणाऱ्या पट्टीने) बांधलेला असावा. सॅडल बसल्यावर पुढच्या वळणाची ओढ सॅडल घेतो, सांध्यापर्यंत ती पोचत नाही. एका सॅडलची किंमत चहाच्या कपाएवढी असते आणि वारंवार गळणारे जे सांधे कायमचे कोरडे झालेले मी पाहिले आहेत, त्यांतले बरेचसे केवळ हा सॅडल लावल्याने झाले आहेत. सोबतच पाइप नेमक्या मापाचा, ताणून बसेल असा कापण्याचा मोह टाळावा आणि थोडी ढील ठेवावी.

चिकटवायचा सांधा

सोल्युशन म्हणजे डिंक नव्हे. त्यातली द्रावके पाइपचा आणि फिटिंगचा पृष्ठभाग विरघळवतात, ते दोन्ही पृष्ठभाग एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेल्यावर एकजीव होतात. म्हणून जुन्या, वाळलेल्या सांध्यावर बाहेरून सोल्युशन लावल्याने गळती थांबत नाही. तो सांधा कापून नवीन फिटिंगच वापरावे लागते. याच कारणाने टाकीच्या काचा जोडणारे सिलिकॉन किंवा दोन रंगांच्या गोळ्या मळून लावायची इपॉक्सी पुट्टी यांचाही येथे उपयोग नाही. सिलिकॉन काचेला घट्ट धरते, पीव्हीसीला नाही. इपॉक्सी कडक होते, आणि तिच्याखालचा मऊ पाइप हलत राहिल्यामुळे तिचे कवच काही दिवसांत सुटते.

पाइप काटकोनात कापावा. करवतीने कापल्यास निघालेला कीस आतून-बाहेरून साफ करावा आणि बाहेरची धार कानशीने किंचित मोडावी, नाहीतर आत जाताना ती सोल्युशन खरवडून पुढे ढकलते. सोल्युशन सॉकेटच्या आत पातळ आणि पाइपच्या बाहेर भरपूर लावावे. सॉकेटमध्ये जास्त लावले तर ते पाइपच्या तोंडाशी आत साचते आणि फ्लेक्सिबल पाइपची पातळ भिंत तेथे विरघळून कमजोर होते. कडक पाइपला हा धोका फारसा नसतो, म्हणून सवयीचा प्लंबरही येथे चुकू शकतो. पाइप पाव फेरा फिरवत तळाला टेकेपर्यंत घालावा आणि घातल्यावर घट्ट धरून ठेवावा. कडक पाइपला अर्धा मिनिट पुरते, पण फ्लेक्सिबल पाइप स्वतःहून मागे सरकू पाहतो, त्यामुळे तो दोन-तीन मिनिटे धरावा किंवा हालणार नाही असा बांधून ठेवावा. या काही मिनिटांत पाइप दोन मिलिमीटर जरी मागे आला तरी सांधा दिसायला ठीक आणि आतून अर्धवट राहतो.

हे काम उन्हाळ्यात सकाळी सात-आठच्या आत करावे. दुपारच्या उष्णतेत द्रावक इतक्या वेगाने उडते की पाइप आत जाण्यापूर्वीच सोल्युशनवर साय धरते आणि पृष्ठभाग एकमेकांत मिसळत नाहीत. डब्यातले सोल्युशन जेलीसारखे घट्ट झाले असेल तर त्यात थिनर घालून ते पातळ करू नये, नवीन डबा घ्यावा. सांध्यात पाणी सोडण्यापूर्वी किमान २४ तास आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत ४८ तास थांबावे. त्यानंतर साध्या पाण्याने पाइप दोनदा धुऊन ते पाणी टाकून द्यावे आणि मगच टाकीला जोडावा.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून टाकीच्या पाण्यात सोडतो. त्याच खोलीत सोल्युशनचे काम चालू असेल तर त्याच्या वाफाही पाण्यात जातात. शक्य तेथे जोडणी बाहेर, ओसरीत किंवा गच्चीवर करावी. खोलीतच करावी लागली तर खिडक्या उघडून तेवढा वेळ एअर पंप बंद ठेवावा.

निपल आणि क्लिपचा सांधा

घरगुती टाकीसाठी मी हाच सांधा अधिक पसंत करतो, कारण तो उघडता येतो, साफ करता येतो आणि बिघडला तर टाकी रिकामी न करता दुरुस्त होतो. पाइपचा आतला व्यास निपलाच्या व्यासाशी जुळलेला असावा. सैल पाइप क्लिपने आवळून बसवला की त्याला आतून चुण्या पडतात आणि प्रत्येक चुणीतून पाणी वाट काढते. पाइप निपलावर चढत नसेल तर त्याचे टोक कडक गरम पाण्यात मिनिटभर बुडवावे, गॅसच्या ज्योतीवर धरू नये. ज्योतीने पीव्हीसी करपते, घातक वायू सुटतो आणि करपलेला भाग पुढे तडकतो. तेल किंवा साबण लावून पाइप चढवणेही टाळावे, कारण ते पाण्यात उतरते आणि क्लिपखालचा पाइपही घसरता राहतो.

निपलावरच्या शेवटच्या दातरीच्या (पाइप धरून ठेवणाऱ्या उंच कडेच्या) मागे क्लिप बसवावी आणि जागा असेल तर दोन क्लिपा, त्यांचे स्क्रू समोरासमोर येतील अशा लावाव्यात. क्लिप स्टेनलेस स्टीलची हवी, साधी जस्ताची क्लिप टाकीजवळच्या ओलीने गंजते. क्लिप इतकी आवळावी की पाइप हाताने फिरणार नाही, परंतु तिच्या कडा पाइपात रुतणार नाहीत. नवीन जोडणीनंतर पहिल्या उष्ण आठवड्यात क्लिप एकदा तपासून अर्धा फेरा घट्ट करणे आवश्यक असते, कारण दबलेले प्लॅस्टिक तोवर बसलेले असते. जुना पाइप पुन्हा लावताना ताणलेले टोक तसेच वापरू नये, तीन-चार सेंटिमीटर कापून ताज्या भागावर सांधा करावा. दुरुस्तीनंतर लगेच परतणाऱ्या गळतीचे हे एक अगदी साधे आणि तरीही सतत राहून जाणारे कारण आहे.

निपल पितळी घ्यावे का, असे विचारले जाते. साध्या माशांच्या टाकीत त्याने लगेच काही बिघडत नाही, पण झिंगे, गोगलगायी किंवा समुद्री जीव असतील तर पितळातले तांबे त्यांना घातक ठरते. प्लॅस्टिकचे निपल सगळीकडे मिळत असताना पितळाचा आग्रह धरू नये.

पाइप मुडपणे आणि लाइट जाणे

दुपारी प्रवाह मंदावतो आणि रात्री पूर्ववत होतो, असे दिसल्यास पाइप कोठेतरी मऊ पडून मुडपतो आहे. हा दोष गळतीपेक्षा गंभीर समजावा. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. म्हणजे माशांना प्रवाहाची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच वेळी तो कमी होतो. मुडपणारा तुकडा काढून तेथे एल्बो आणि कडक पाइप बसवावा. किंबहुना माझा सल्ला असा आहे की पंपाजवळ, त्याची थरथर टाकीच्या स्टँडला पोचू नये म्हणून, एक हातभर ब्रेडेड पाइप ठेवावा आणि बाकीचा सगळा मार्ग कडक यूपीव्हीसीने, मध्ये एक युनियन (हवे तेव्हा उघडता येणारा जोड) देऊन करावा. पाइप जेवढा कमी मऊ, तेवढे नंतरचे काम कमी.

लाइट गेल्यावर सम्प ओसंडून फरशीवर पाणी येत असेल तर तो सांध्याचा दोष नाही, पण भारनियमनाच्या दिवसांत लोक त्यालाही गळतीच समजतात. पंप थांबताच वर चढणाऱ्या पाइपातून पाणी सायफनने उलटे खाली येते आणि टाकीतली पातळी त्या पाइपच्या तोंडापर्यंत उतरेपर्यंत थांबत नाही. ९० सेंटिमीटर लांब आणि ३८ सेंटिमीटर रुंद टाकीत पाइपचे तोंड पाच सेंटिमीटर बुडालेले असेल तर सुमारे १७ लिटर पाणी सम्पमध्ये येते. सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी असायलाच हवी. पाइपला टाकीतल्या पाण्याच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली तीन मिलिमीटरचे छिद्र पाडले की पातळी तेथपर्यंत उतरताच हवा शिरते आणि सायफन तुटतो. हे छिद्र दर आठवड्याला काडीने मोकळे करावे, जड पाण्याने ते बुजते. एकदिशा व्हॉल्व्हवर संपूर्ण भिस्त ठेवू नये, त्याच्या झडपेवरही तोच पांढरा थर बसतो आणि ती अर्धवट उघडी राहते. जोडणी पूर्ण झाल्यावर भरल्या टाकीवर पंपाचा स्विच मुद्दाम बंद करून सम्पमधली पातळी कोठे थांबते ते पाहून तेथे खूण करून ठेवावी.

मऊ पाइपला मऊ ठेवणारे द्रव्य वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर पडत असते आणि उष्णतेत ही क्रिया वाढते. पाइप पिवळसर झाला, वाकवल्यावर वळणावर पांढरा पडू लागला किंवा निपलावरून काढल्यावर टोक पूर्वीसारखे आकसत नसेल, तर त्याच्यावर नवीन क्लिप लावण्यात पैसे घालवू नयेत. असा पाइप उन्हाळा सुरू होण्याआधी, फेब्रुवारीतच बदलावा, म्हणजे नवीन सांध्याला पहिल्या कडक उन्हापूर्वी बसायला वेळ मिळतो आणि क्लिपा पुन्हा आवळण्याचे काम मार्चमध्येच उरकते.